प्रतिसाद: निर्वात टाकीच्या आधीचा प्रश्न

ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून त्याचा वेग मोजायचा आणि त्यावरून ग्रह शोधायचे, हे वर्णपटमापकाचं काम. निर्वात टाकी आणि तापमानावर ०.०१ अंशाचं नियंत्रण असलं की असा वर्णपटमापक स्थिर झाला, हे वरचं म्हणणं मला अर्धंच पटतं. टाकीच्या आत शिरणाऱ्या प्रकाशाचं काय? दुर्बिणीचा रोख किंचित हलला की ताऱ्याचा ठिपका फायबरच्या (प्रकाश उपकरणात नेणाऱ्या काचेच्या तंतूच्या) तोंडावर सरकतो, आणि तो फरक पार वर्णरेषेपर्यंत, म्हणजे जिच्या सरकण्यावरून वेग मोजतात त्या वर्णपटातल्या रेषेपर्यंत पोचतो. ताऱ्याच्या वेगात सेकंदाला १ मीटरचा फरक पडला, तर डिटेक्टरवर ही रेषा सरकते पिक्सेलचा जेमतेम हजारावा भाग! गोल फायबर प्रकाश परिघाच्या दिशेने छान मिसळतो, पण केंद्रापासून कडेकडे तितका नाही. अष्टकोनी फायबर इथे खूपच सरस ठरतो.

चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या हार्प्स या वर्णपटमापकात २०१५ साली असे फायबर बसवले. फायदा झालाच, पण मोजलेल्या वेगांचा शून्यबिंदू (जिथून वेग मोजायचा ती पातळी) काही मीटर प्रतिसेकंद सरकला, तोही ताऱ्यागणिक वेगवेगळा. पृथ्वी आपल्या ओढीने सूर्याला हलवते ती सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटरने, म्हणजे हा सरकलेला फरक त्याहून कितीतरी मोठा. म्हणून आधीची आणि नंतरची मोजमापं दोन वेगळ्या उपकरणांची समजून जुळवावी लागतात. दीर्घ कक्षांचे ग्रह शोधायला वर्षानुवर्षांची मोजमापं सलग लागतात, त्यांना हे फार जड जातं, त्यामुळे फायबरची निवड पहिल्याच दिवशी नीट व्हायला हवी.