केंडो: मार बसायची भीती कशी घालवायची? अनुभवी लोकांनी सांगा

निशिकासाईकर

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

वय ३६, आयटीत, तोक्योत एदोगावा वॉर्डात राहतो. मुलगा वॉर्डाच्या क्रीडासंकुलात कराटेला जायचा. तासभर बाहेर बाकावर बसून फोन बघण्यापेक्षा शेजारच्या हॉलमध्ये मोठ्यांचा केंडोचा, म्हणजे जपानी तलवारबाजीचा, वर्ग होता, तो लावला. पहिले सात महिने झकास गेले. सुबुरी, म्हणजे हवेत वार, आणि पाय जमिनीला घासत पुढे-मागे सरकणं. स्वतःला सामुराई वगैरे समजायला लागलो होतो.

जूनमध्ये चिलखत (बोगू) चढवलं आणि सगळी हवा गेली. समोरच्याची शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, वर गेली रे गेली की माझे डोळे मिटतात, मान मागे जाते आणि दोन्ही कोपरं वर उचलली जातात. तेवढ्यात "कोतेऽऽ" (मनगटऽऽ) अशी आरोळी, आणि वार थेट कोपरावर. मनगटाला हे जाडजूड कोते, म्हणजे हातमोजा, आहे, कोपराला काहीच नाही. भर उन्हाळ्यात ऑफिसला फुलबाह्यांचे शर्ट घालून गेलो. बायको रात्री डाग मोजते. मागच्या गुरुवारी सहा निघाले.

विचित्र म्हणजे मेनवर, म्हणजे डोक्यावरच्या, तोंडाला जाळी असलेल्या टोपावर, नीट बसलेला वार दुखत नाही. पत्र्यावर नारळ पडल्यासारखा आवाज होतो, बस्स. हे मला पक्कं माहीत आहे, तरी पुढच्या वाराला डोळे मिटतातच. सेन्सेई (शिक्षक) सत्तरीच्या पुढचे, मितभाषी. विचारलं की एकच शब्द, "नारेरु." सवय होईल. चार महिने झाले, झालेली नाही.

ही भीती आपोआप जाते का? आतून जास्तीची गादी लावावी का? की आपला पिंडच नाही म्हणून सोडून द्यावं?

रिकामटेकडा

पैसे देऊन मार खायचा आणि वर तो कसा खावा म्हणून धागा काढायचा! आमच्या शाळेत ही सोय फुकट होती.

पाटा_वरवंटा

नागोयात ११ वर्षं झाली, केंडोत सानदान (तिसरी दान पदवी) आहे. जरा लांबण लागेल.

आधी ते "नारेरु" बाजूला ठेवा. नुसता मार खात राहिलं तर माराची सवय होत नाही, डोळे मिटायची होते. मी दीड वर्ष तेच केलं आणि मग ती सवय मोडायला आणखी एक वर्ष घातलं.

तुम्हाला मार कुठे बसतोय ते बघा. चिलखत जिथे आहे तिथे दुखत नाही असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दुखतं ते तुम्ही हलता म्हणून. कोपरं उचलली की मनगटावरचा वार कोपरावर येतो. मान वाकडी केली की डोक्यावरचा खांद्यावर. मान खाली घातली तर सगळ्यात वाईट, कारण मेनची गादी मागे कवटीपर्यंत जात नाही, तिथे फक्त दोरी आणि तेनुगुईचं फडकं.

मागे सरकण्याचंही तसंच. मोठ्यांची शिनाई १२० सेंटिमीटरपर्यंत असते, पुरुषांची किमान ५१० ग्रॅम. बांबूच्या चार पट्ट्या, वेग सगळा टोकाशी. तुम्ही मागे जाता तेव्हा नेमके टोकाखाली जाऊन उभे राहता. तेच एक पाऊल आत घुसलात तर अंगावर पडतो तो मधला, नाहीतर मुठीजवळचा भाग. त्यात दम नसतो. वार येताना पुढे जायचं म्हणजे वेडेपणा वाटतो, पण एकदा करून बघा, आवाजातला फरक ऐकू येईल.

आता करायचं काय. सरावाच्या शेवटी पाच मिनिटं मागून घ्या. वर्गातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडे जा, नवशिक्याकडे नको. नवशिके उजव्या हाताने लाकूड फोडल्यासारखं मारतात. जुन्या माणसाचा वार टप्पकन बसतो आणि सुटतो. त्याला म्हणायचं, मी नुसता उभा राहतो, तुम्ही सावकाश दहा मेन, म्हणजे डोक्यावरचे वार, मारा. तुम्ही चुदानमध्येच (शिनाई समोर रोखलेल्या पवित्र्यात) राहायचं आणि शिनाईचं टोक थोडं आपल्या उजवीकडे नेऊन डोकं मोकळं करून द्यायचं. मोतोदाची, म्हणजे मार घेणारा, हेच तर करतो. आपण होऊन दार उघडलं की येणारा पाहुणा असतो, चोर नाही. बघायचं समोरच्याच्या डोळ्यांत, शिनाईकडे नाही. आणि वार येताना "याऽऽ" करून श्वास सोडायचा. तोंड घट्ट मिटलं की त्याच्याबरोबर डोळेही मिटतात, आरशासमोर करून बघा.

दुसरं, किरिकाएशी, म्हणजे सलग वारांचा सराव, घेताना तुम्ही उभ्या शिनाईने डावे-उजवे वार झेलता ना? आत्ता बहुतेक हातभर लांब झेलत असाल. दर आठवड्याला थोडं जवळ येऊ द्या, पार मेनच्या कडेपर्यंत. तिथे मार बसत नाही, पण शिनाई डोळ्यांसमोरून जाताना दिसते. माझी भीती अर्धीअधिक तिथे मेली.

केंडोत मनाचे चार रोग सांगतात, क्यो, कु, गि, वाकु. दचकणं, भिणं, शंका, गोंधळ. तुमचा रोग यादीत दुसरा आहे. नाव मिळण्याइतके रोगी तुमच्या आधी होऊन गेलेत, तेव्हा पिंडाचं काही काढू नका.

गादी नंतर. आधी मेनचं माप बघा. कपाळ आणि हनुवटी दोन्ही आत घट्ट टेकली पाहिजेत.

तालमीतला

आम्ही कोल्हापूरकडचे. तुमचं ते जपानी काही कळत नाही, पण लहानपणी फरी-गदगा खेळलोय. डाव्या हातात फरी, म्हणजे चामड्याची छोटी ढाल, उजव्यात गदगा, चामडं मढवलेली काठी. बाकी अंगावर लंगोट. आणि तुमच्याकडे तोंडावर जाळी आहे म्हणता, नशीबवान आहात.

वस्ताद काय करायचे, मागं सरणाऱ्या पोराची पाठ भिंतीला लावायचे. मग हलके हलके वार. हाणायचं नाही, अडवायचं नाही, वार कुठल्या खांद्याकडं आला ते फक्त ओरडून सांगायचं. डावा! उजवा! डावा! चुकला की परत पहिल्यापासून. डोळं मिटलं तर सांगणार कसं? आठ दिवसांत पोरगं भिंत सोडून स्वतःच पुढं यायचं. वरच्या ताईंचंच म्हणणं आहे, आमच्यात भिंत असायची एवढंच.

रिकामटेकडा

तालमीतला, लंगोटावर?? बरं, एक खरं विचारतो. मुळात ते चिलखत पुरतं का? बांबू तो बांबूच.

पाटा_वरवंटा

रिकामटेकडा, पुरावं म्हणूनच केलंय. आधी सराव मुख्यतः लाकडी तलवारीने किंवा खऱ्या तलवारीने ठरलेल्या चालींचा असायचा, जोरात मारायची फारशी सोय नव्हती. १७१० च्या दशकात जिकिशिनकागे-र्यूच्या नागानुमा शिरोझाएमोन यांनी चिलखत आणि शिनाई सुधारून पूर्ण ताकदीने मारायची पद्धत रुळवली. म्हणजे हा सगळा डोलारा समोरच्याने मनापासून मारावं आणि घेणाऱ्याने घरी जेवायला जावं, यासाठीच आहे.

अट एकच, शिनाई धड हवी. बांबूची कूस निघालेली असेल तर ती जाळीतून आत जाऊ शकते. सरावाआधी चारही पट्ट्यांवरून कापड फिरवा. अडकलं तर तासून घ्या, नाहीतर पट्टी बदला. टोकाची चामडी टोपी आणि मधली चामड्याची गाठ सैल असेल तर ती शिनाई उचलायचीच नाही. आपली आणि समोरच्याचीही, विचारायला लाजू नका.

ओवीची_आई

ओसाकात असतो. इथे २०१२ पासून माध्यमिक शाळेत बुदो (जपानी युद्धकला) सक्तीचं आहे. लेकीच्या शाळेत वर्गात ज्युडो शिकवतात, पण क्लब तिने केंडोचा घेतला, मैत्रीण गेली म्हणून. मी स्वतः शिनाई धरलेली नाही, फक्त कोतेचा वास घेतलाय (घेऊ नका).

ओवी पहिल्या महिन्यात रडत यायची. तिचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. वार कानाजवळ बसला की कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं. तिच्या सेनपाईने (वरच्या वर्गातल्या मुलीने) दाखवलं की मेन बांधून झाल्यावर दोन्ही बाजूंची गादी कानापाशी बोटांनी बाहेर ओढून थोडी फट ठेवायची, हवा कोंडत नाही. कानाच्या पडद्याच्या दृष्टीनेही ते बरं. एवढ्याशा गोष्टीने तिचं निम्मं रडं थांबलं. तुमच्या भीतीमागेही असं काही बारीकसं नाही ना, ते बघा.

आणि एक भाबडा प्रश्न. तुम्हाला चष्मा आहे का? आमच्या क्लबातल्या चष्मेवाल्या मुली सगळ्यात जास्त दचकायच्या.

निशिकासाईकर

सगळ्यांचे आभार. पाटा_वरवंटा, तुमचं उत्तर कागदावर उतरवून घेतलंय.

ओवीची आई, हो, आहे. दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार. मेनमध्ये काड्या कानाला रुततात आणि काचांवर वाफ धरते, म्हणून काढूनच ठेवतो. त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

पाटा_वरवंटा

अहो!! हे पहिल्याच पोस्टमध्ये नको का लिहायला?

उणे साडेचारला तुम्हाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, खांदा हललेला दिसत नाही. एक निळा ढग दिसतो आणि त्यातून शेवटच्या क्षणी काठी बाहेर येते. डोळे मिटणारच. मीही मिटेन. वार हातातून सुरू होत नाही, आधी पाऊल, मग खांदा, मग मूठ. हे सगळं तुमच्यापासून लपलेलं आहे आणि तुम्ही स्वतःला भित्रा म्हणताय. आणि मी तुम्हाला "समोरच्याच्या डोळ्यांत बघा" म्हणून सांगत बसले!

साधा चष्मा मेनमध्ये घालू नका, काच आणि काडी दोन्हींचा धोका. कॉन्टॅक्ट लेन्स लावा, नाहीतर केंडोच्या दुकानात मेन-मेगाने विचारा. मेनमध्ये घालायचा खास चष्मा असतो, लवचीक, कानावर न रुतणारा. आणि मेन बांधल्यावर नजर वरून सहाव्या आणि सातव्या गजाच्या मधून जाते ना ते तपासा. ती फट इतरांपेक्षा थोडी रुंद ठेवलेली असते, तिला मोनोमी म्हणतात. मेन खाली सरकला असेल तर तुम्ही गजाकडेच बघत असाल.

हाडाचा_मित्र

फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. केंडो येत नाही, डोकं कळतं. मेनवर वार बसून नंतर डोकं दुखत राहिलं, मळमळ झाली, गरगरलं किंवा नुकतंच घडलेलं आठवेना, तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर गाठा. "थोडं सहन करू" हे कोपराच्या डागांना चालतं, डोक्याला नाही. आणि भीतीने टाचेवर बसायची सवय लागली असेल तर डावी टाच, पोटरी जपा. तिथून एकदम उडी मारताना स्नायूबंध तुटतो.

पाटा_वरवंटा

वरच्यांना अनुमोदन. नवशिक्याच्या गळ्यावर मुद्दाम त्सुकी (भोसकायचा वार) मारणारा, चिलखत नसलेल्या जागी "शिक्षा" म्हणून हाणणारा किंवा थांबा म्हटल्यावर न थांबणारा भेटला, तर ती तुमची भीती नाही, त्याचा दोष आहे. मी एक दोजो (सरावाची जागा) अशाच कारणाने सोडला, तिसऱ्याच दिवशी सोडायला हवा होता. तुमचे आजोबा सेन्सेई तसले वाटत नाहीत.

निशिकासाईकर

तीन आठवड्यांनी कळवतोय.

लेन्स घेतल्या. पहिल्या दिवशी मेन बांधून समोर बघितलं तर सेन्सेईंच्या भुवया दिसल्या. पांढऱ्या, झुपकेदार. वर्षभर या माणसाकडून शिकतोय आणि मेनच्या आतला त्यांचा चेहरा मी बघितलेलाच नव्हता.

त्यांना दहा मेन मागितले. ते हसले, पहिल्यांदाच. पहिल्या सहाला डोळे मिटले. सातव्याला पाऊल उचललेलं दिसलं, गुडघ्याशी हाकामा (घेरदार विजार) हलला, आणि मी मनातल्या मनात तालमीतल्या दादांसारखं "आला!" म्हटलं. डोळे उघडे राहिले. शिनाई अगदी सावकाश आल्यासारखी वाटली, टोकाच्या चामड्यावरचा टाकासुद्धा दिसला. आठव्याला परत मिटले. असंच चाललंय, दहातले तीन-चार. पुढे पाऊल टाकायचं अजून जमत नाही, एकदा टाकलं तर सेन्सेईंच्या छातीवर जाऊन आदळलो. ते जागचे हलले नाहीत.

कोपरावर डाग दोन. बायकोने मोजायचं सोडून दिलंय.

आता पुढचा प्रश्न. कोते धुता येतात का हो? मुलगा माझ्याबरोबर लिफ्टमध्ये येईना.

ओवीची_आई

सावलीत, वाऱ्यावर, तळवा वर करून वाळवा. उन्हात ठेवलं की चामडं कडक होतं. वासाचं म्हणाल तर आमच्याकडे ते बाल्कनीत राहतात आणि ओवीला वाटतं तिला कुठलाच वास येत नाही.