चित्रासमोर मनन: आधी नजर की आधी माहिती?

नीलाक्षी: अभिजात चित्रासमोर आत्मचिंतन करायचं असेल तर शेजारची पाटी आधी वाचूच नये, असं माझं ठाम मत. एक चित्र, वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं उजेड कुठून येतो नि कुठे विरतो एवढंच बघा. मग हात. चेहरे शेवटी, कारण चेहरा दिसला की आपण गोष्ट रचू लागतो आणि बघणं थांबतं. डच चित्रकार रेम्ब्रांटचं ‘उधळ्या पुत्राचं पुनरागमन’ घ्या; बायबलमधल्या गोष्टीत सगळं उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप जवळ घेतो, तो प्रसंग. गुडघे टेकलेल्या मुलाच्या पाठीवर बापाचे दोन हात. डावा रुंद, बोटं फाकलेली, घट्ट धरणारा. उजवा मऊ, नुसता टेकलेला. मुलाच्या डाव्या पायातली वहाण निसटलीय, तळवा उघडा पडलाय. त्या तळव्याकडे बघत बसलं की क्षमा मागायला किती चालावं लागतं ते समजतं. त्यासाठी बायबल माहीत असावं लागत नाही.

रंगलेप: असहमत. रेम्ब्रांटचंच ‘नाइट वॉच’ म्हणजे ‘रात्रीचा पहारा’ (१६४२) बघा. प्रसंग दिवसाचा आहे. वरचं वार्निश, म्हणजे रंगांवरचा पारदर्शक लेप, काळवंडत गेलं, म्हणून लोकांना रात्र वाटली. १९४०च्या दशकात ते वार्निश उतरवलं तेव्हा उजेड दिसला. शिवाय १७१५ मध्ये नव्या भिंतीवर मावावं म्हणून कडा कापल्या. माहितीशिवाय त्या अंधारावर मनन करणारा माणूस वार्निशवर मनन करत होता.

डच चित्रकार वेर्मीरच्या चित्रातली तराजू धरलेली स्त्री तशीच. ती सोनं तोलतेय असं समजून तिच्यावर लोभाचं प्रवचन सहज देता येतं. सूक्ष्मदर्शकाखाली पारडी रिकामी निघाली! टेबलावरच्या मोत्यांना करडा थर आणि वर पांढरा ठिपका, असे दोन थर आहेत. पारड्यातल्या ठिपक्याला एकच थर, म्हणजे तिथे सोनं-मोती काही नाही, नुसती चमक. मागच्या भिंतीवर अंतिम न्यायाचं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतल्या जगाच्या अंतीच्या निवाड्याचं, चित्र. अर्थच बदलला.

नीलाक्षी: पण फसवलं कुणी? १६९६च्या लिलावाच्या यादीत ते चित्र ‘सोनं तोलणारी तरुणी’ म्हणूनच नोंदलंय. ‘नाइट वॉच’ हे नावही मागाहून चिकटलेलं. दोन्हीकडे नजरेआधी नाव आलं. पारड्यात काय दिसतं हे कोऱ्या मनानं विचारलं असतं, तर निदान शंका आली असती.

रंगलेप: पाटी चुकते, मान्य. पण शंका सोडवली सूक्ष्मदर्शकानं, वीस मिनिटांनी नाही. काळवंडलेलं वार्निश तर कितीही वेळ बघितलं तरी काळंच दिसणार.

कोनाडा: दोघांनी जागा विसरलीत. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘संत मत्तयाला पाचारण’ (येशू मत्तयाला शिष्य व्हायला बोलावतो तो प्रसंग) रोममध्ये ज्या चॅपलसाठी, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनाकक्षासाठी, १५९९-१६०० मध्ये रंगवलं, तिथेच आजही आहे. चित्रातला उजेड उजवीकडून येतो, चॅपलच्या खऱ्या खिडकीच्याच दिशेनं. फोनवर हे हरवतं. आकारही हरवतो: वेर्मीरची तराजूवाली जेमतेम ४० सेंमी उंच, उधळ्या पुत्राचं चित्र २६० सेंमीच्या वर. स्क्रीनवर दोन्ही तळहाताएवढी. छापील प्रत घ्यायची तर निदान पूर्ण चित्राची घ्या. कापलेल्या प्रतीत उधळ्या पुत्राचा उजव्या कडेला उभा थोरला भाऊ जातो. आणि नीलाक्षीताई, परतलेल्या धाकट्याला क्षमा न करणारा तोच तर आहे. वीस मिनिटांतली दहा त्याला द्या.