चाकणला क्वालिटी इन्स्पेक्टरचा इंटरव्ह्यू : प्रॅक्टिकलला काय करायला लावतात?

भोसरीकर_डिप्लोमा
डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, सध्या भोसरीत एका छोट्या मशीनिंग युनिटला लाइन इन्स्पेक्शन बघतो. मंगळवारी सकाळी १० ला चाकण एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत बोलावलंय. मेलमध्ये ‘टेक्निकल आणि प्रॅक्टिकल’ एवढंच आहे. प्रॅक्टिकल म्हणजे नेमकं काय? इंग्रजी यथातथाच आहे, त्यावर अडेल का? फोनवर सीटीसी (कंपनी माझ्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) २ लाख ६४ हजार सांगितलाय, हातात किती पडतील?

तेरा_मायक्रॉन
बहुतेक ठिकाणी टेबलावर एक ग्राइंड केलेला शाफ्ट, त्याचं ड्रॉइंग आणि तीन-चार इन्स्ट्रुमेंट ठेवलेली असतात. खरी परीक्षा तू कुठलं उचलतोस तिथेच सुरू होते. समजा ड्रॉइंगवर व्यास २५ जी६ (जी६ हा साइजची हद्द सांगणारा कोड) आहे. म्हणजे साइज २४.९८० ते २४.९९३, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अवघा १३ मायक्रॉन (०.०१३ मिमी). लीस्ट काउंट (इन्स्ट्रुमेंटवर वाचता येणारं सर्वात लहान माप) टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्याइतका हवा हा साधा नियम लावला, तर ०.०२ चा व्हर्नियर बादच, ०.०१ चा साधा मायक्रोमीटरही पुरत नाही. ०.००१ वाचणारा माग. टेबलावर नसेल तर ‘यावर पक्का निर्णय देता येणार नाही’ असं स्पष्ट सांग. गप्प राहून रीडिंग देणारेच जास्त असतात.

मग क्रम : आधी स्टिकरवरची कॅलिब्रेशनची ड्यू डेट बघ. जॉब आणि मायक्रोमीटरचे दोन्ही फेस पुसून घे, तेलाच्या थरानेसुद्धा रीडिंग हलतं. झिरो चेक कर. ० ते २५ रेंजचा असेल तर फेस एकमेकांना टेकवून, २५ ते ५० चा असेल तर सोबतच्या २५ च्या सेटिंग पीसवर. रॅचेटनेच (टोकाच्या छोट्या नॉबने) टेकव, थिंबल (फिरवायची नळी) पिळू नकोस. एकच रीडिंग घेऊन थांबू नकोस : दोन्ही टोकं आणि मध्य, आणि प्रत्येक जागी जॉब ९० अंश फिरवून दुसरं. तीन जागांच्या फरकात टेपर (एका टोकाकडे बारीक होणं) दिसतो, फिरवल्यावर ओव्हॅलिटी (लंबगोलपणा). (थ्री-लोब, म्हणजे तीन फुगवट्यांचा जॉब मात्र दोन पॉइंटच्या मापात गोलच वाटतो. त्याला व्ही-ब्लॉक आणि डायल लागतो. हे सांगितलंस तर छाप पडेल.)

बोअरसाठी, म्हणजे भोकासाठी प्लग गेज देतात : गो बाजू आत जायला हवी, नो-गो जाता कामा नये. २५ एच७ ला गो बाजू २५.०००, नो-गो २५.०२१.

भोसरीकर_डिप्लोमा
दादा, शाफ्ट तपासायच्या स्नॅप गेजला पण गो म्हणजे लहान साइजच ना?

तेरा_मायक्रॉन
नाही, इथेच गडबड होते. गो नेहमी जास्त मटेरियलची हद्द तपासतो. बोअरला ती लहान साइज, शाफ्टला मोठी. म्हणजे तुझ्या जी६ शाफ्टला स्नॅपची गो बाजू २४.९९३.

लाल_बिन
टेक्निकलमधला हमखास प्रश्न : ‘लाइनवर जॉब आउट (मापाबाहेर) सापडला, काय करशील?’ निम्मे उमेदवार लगेच व्हाय-व्हाय आणि फिशबोन या कारण शोधायच्या पद्धतींवर उडी मारतात. कारण नंतर शोध, आधी माल अडव. मशीन थांबव, जॉबला लाल टॅग लाव, लाल बिनमध्ये टाक, सुपरवायझरला कळव. मग शेवटचा ओके रेकॉर्ड कधीचा ते बघून तिथपासून पुढचा सगळा माल वेगळा काढ : लाइनवरचा, पुढच्या ऑपरेशनला गेलेला, एफजी (तयार मालाच्या) स्टोअरमधला. गाडीत चढलेला आणि कस्टमरकडे पोचलेला माल विसरलास तर उत्तर अर्धवट.

कोअर टूल्सचे (ऑटो कंपन्यांतल्या क्वालिटीच्या ठरलेल्या पद्धतींचे) आकडे तोंडावर हवेत. सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती नीट बसते तो आकडा) चालू प्रोसेसला १.३३, नव्या पार्टच्या सुरुवातीच्या स्टडीला १.६७. जीआरआर (मोजण्यामुळेच येणारा फरक) १० टक्क्यांच्या आत चांगला, १० ते ३० परिस्थिती बघून, ३० च्या वर नापास. एफएमईएमध्ये (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास) फक्त आरपीएनचा, म्हणजे जोखमीच्या आकड्याचा गुणाकार सांगून थांबू नकोस. २०१९ च्या एफएमईए हँडबुकपासून त्याच्या जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर काम करायचं ती पातळी) आली आहे. आणि जे टूल वापरलं नाहीस ते सीव्हीत लिहू नकोस, कारण पुढचा प्रश्न ‘तुमच्या पार्टचा सीपीके किती येत होता?’ हाच असतो.

पगारपत्रक_ताई
२,६४,००० म्हणजे महिना २२,०००, पण त्यात कंपनीचा वाटाही धरलेला असतो. बेसिक आणि डीए मिळून १५,००० धरू. कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी साधारण ७२२ वजा. ग्रॉस २१,००० च्या आत येतो म्हणून ईएसआयसी लागेल, कंपनीचे ३.२५ टक्के म्हणजे ६१३. ग्रॉस उरला सुमारे १८,८६५. त्यातून तुझा पीएफ १,८००, ईएसआयसी ०.७५ टक्क्यांनी १४२, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १६,७०० च्या आसपास. कँटीन आणि बसची कपात वेगळी.

म्हणून आकड्यावर हो म्हणण्याआधी ब्रेकअप माग. ओटी डबल रेटने आहे का आणि कंपनीची बस कुठल्या स्टॉपवरून आहे, हेही विचार. यात लाजण्यासारखं काही नाही.

मोशी_टोलनाका
इंग्रजीचं टेन्शन नको. शॉपफ्लोअरचे लोक मराठी-हिंदीतच विचारतात आणि तांत्रिक शब्द तसेही इंग्रजीच असतात. एचआर ओळख करून द्यायला सांगेल तेवढी चार वाक्यं तयार ठेव : शिक्षण, सध्याचं काम, कुठले पार्ट तपासतोस, कुठली इन्स्ट्रुमेंट हाताळतोस. ‘नोकरी का सोडताय?’ला सध्याच्या मालकाबद्दल तक्रार नको.

पत्ता नीट विचारून घे. ‘चाकण एमआयडीसी’ म्हणजे महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी यापैकी कुठेही असू शकतं, प्लॉट नंबर आणि गेट नंबर दोन्ही हवेत. नाशिक रोडला सकाळी मोशीपासून तळेगाव चौकापर्यंत गाड्या अडकतात, तेव्हा साडेआठलाच मोशी ओलांड. गेटवर आधार दाखवून पास काढण्यातही वेळ जातो, बऱ्याच ठिकाणी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. चप्पल-सँडल घालून गेलास तर शॉपमध्ये सोडणार नाहीत. मार्कशीट, अनुभवाचं पत्र आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मूळ प्रतींसह ने.