वैद्याच्या पुड्या चालू आहेत, दवाखान्यात जावं का?

पऱ्हाटी_२९
नमस्कार तायांनो. मी घाटंजीकडची, वय २९. पाळी महिन्याच्या महिन्याला येते, तरी दिवस राहत नाहीत. सासूबाईंनी एका वैद्याकडे नेलं. पाळी झाली की शिवलिंगीच्या बिया दुधासोबत, आणि वरून एक तांबूस भुकटी. साध्या कागदाची पुडी, ना नाव ना कंपनी. खाल्ली की तोंडात लोखंड चाटल्यावानी चव राहते. काय आहे विचारलं तर म्हणे, भस्म आहे. सासूबाई जीव लावतात जी, त्यांचं मन मोडवत नाही. पण यांच्या तपासणीचं घरात कोणी नावच काढत नाही. पुड्या घेत घेत दवाखाना करू का?

आशाताई_केळापूर
बाई, ती भुकटी आजपासून बंद. अशा काही भस्मांत पारा, शिसं सापडलेलं आहे. शिसं हाडांत साठतं आणि पुढे पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. शिवलिंगीनं गर्भ राहतो याचाही पक्का पुरावा नाही.

वर्षभर प्रयत्न करून राहिलं नाही तर दोघांची तपासणी करायची, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. भाऊंची वीर्य तपासणी सगळ्यात सोपी, तीच पहिली. तुमचं थायरॉईड बघा. आणि आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, दोघांचंही तपासा. दोघं वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नाही पण तो दोष अंगात आहे, तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. फोलिक ॲसिडची गोळी आत्तापासूनच सुरू करा.

कास्तकार_दारव्हा
वहिनी, भाऊंना हे वाचायला द्या. माझा रिपोर्ट कमी आला होता. डॉक्टरांनी खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडायला लावला, फवारणीचा पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्यायला सांगितला. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. आकडा चांगलाच वाढला होता. भाऊ, यात मर्दानगीचा काही संबंध नाही, बाप्पा. रक्त तपासतो तसंच हे.

पऱ्हाटी_२९
दादा, यांनी दोनदा वाचलं. काही बोलले नाहीत, पण खर्र्याची पन्नी खिशातून काढून ठेवली. शिशाचं ऐकून सासूबाईंनी स्वतःच पुड्या कपाटात टाकल्या. सोमवारी यवतमाळला जातो. नमुना घरून नेला तर चालतो का? तिथे यांना लाज वाटते.

आशाताई_केळापूर
तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, तोही अंगाच्या उबेत धरून. घाटंजीहून बसनं ते जमणं कठीण. तिथेच द्या, वेगळी खोली मागा. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध नको, म्हणजे आजच ठरवा.