पैशांवरचे फ्रेझल व्हर्ब्ज ('पे ऑफ'सारखी जोड-क्रियापदं) आणि इडियम्स (वाक्प्रचार) डोक्यात बसत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हिशेबाच्या ईमेलपुरतं इंग्रजी मला जमतं. इन्व्हॉइस, ड्यू डेट, आउटस्टँडिंग अमाउंट, सगळं रोजचंच. गाडी अडते ती कॉलवर, समोरचे मोकळेपणाने बोलायला लागले की. 'वी कॅन स्क्रेप बाय टिल मार्च', 'दॅट सेट अस बॅक अ फेअर बिट', 'लेट्स नॉट स्प्लॅश आउट'. सुटे शब्द सगळे ओळखीचे, पण अर्थ लागेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो.

'पे'ची यादी पाठ केली: पे बॅक, पे ऑफ, पे आउट, पे अप. दुसऱ्या दिवशी सगळ्याची खिचडी. त्यात 'पे ऑफ'ने तर छळ मांडलाय. शब्दकोशात 'कर्ज फेडून टाकणे', आणि बातमीत 'द विटनेस वॉज पेड ऑफ'. आता साक्षीदाराचं कर्ज मध्येच कुठून आलं? शिवाय 'पे इट ऑफ' चालतं, मग 'लिव्ह इट ऑफ' का चालत नाही? याला काही नियम आहे की नुसता कान तयार व्हावा लागतो? आणि यातलं साहेबांना लिहिताना काय वापरावं, काय टाळावं?

अ‍ॅपची नावं नकोत, ती ढीगभर आहेत. पद्धत सांगा.

प्रतिसाद १:
क्रियापदावरून यादी केलीत तर खिचडी होणारच. पैशाचं काय चाललंय त्यावरून गट करा. कुरकुरत पैसे सोडायचे असतील तर फोर्क आउट, शेल आउट, कफ अप. हौसेने उडवायचे तर स्प्लॅश आउट. कसंबसं भागवायचं तर गेट बाय, आणि त्याहून ओढगस्त असेल तर स्क्रेप बाय. चार जणांनी वर्गणी काढली की चिप इन.

'पे ऑफ'मध्ये नंतर काय येतं ते बघायचं. लोन आलं तर फेडलं. माणूस आला तर जपून, बहुतेक वेळा त्याचं तोंड बंद करायला पैसे चारलेले असतात. तुमचा साक्षीदार त्यातला. (ब्रिटिश वापरात कामगारांचा हिशेब करून त्यांना कामावरून कमी केलं तरी 'पेड ऑफ' म्हणतात.) नंतर काहीच नसेल, जसं 'हार्ड वर्क पेज ऑफ', तर मेहनत फळाला आली. म्हणून मित्राचे उसने परत केले तर 'आय पेड हिम बॅक' म्हणा. 'पेड हिम ऑफ' म्हटलंत तर ऐकणारा विचारात पडेल की मित्राला नक्की काय माहीत होतं!

आता नियम. 'पे ऑफ'मधला 'ऑफ' क्रियापदाला चिकटलेला आहे. अशा जोडीत 'इट', 'देम', 'हिम' मध्येच बसतात: पे इट ऑफ. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, 'पे ऑफ द लोन' किंवा 'पे द लोन ऑफ'. 'लिव्ह ऑफ'मधला 'ऑफ' मात्र पुढच्या नामाचा, म्हणजे शब्दयोगी अव्ययासारखा. त्यामुळे 'शी लिव्हज ऑफ हर सेव्हिंग्ज' (साठवलेल्या पैशांवर जगते), 'शी लिव्हज ऑफ देम'. मध्ये काही घुसत नाही.

'सेट बॅक'चा साचा एकदा घोकून टाका: आधी वस्तू, मग माणूस, शेवटी रक्कम. 'द रिपेअर सेट मी बॅक टू हंड्रेड.' खिशाला चाट बसली, एवढंच.

प्रतिसाद २:
इडियम्सचं एवढं टेन्शन नको, बरेचसे आपल्याकडे आहेतच. 'स्पेंड मनी लाइक वॉटर' म्हणजे पाण्यासारखा पैसा. 'कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ' म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरणं. 'टेन अ पेनी' म्हणजे पैशाला पासरी; अमेरिकन माणूस मात्र 'अ डाइम अ डझन' म्हणेल.

साहेबांच्या ईमेलमध्ये 'ब्रेक इव्हन' (ना नफा ना तोटा), 'राइट ऑफ' (येणं बुडीत धरून सोडून देणं), 'इन द रेड' (तोट्यात) बिनधास्त लिहा. खातेवहीत तूट लाल शाईने लिहायचे, त्यावरून हा 'रेड' आला. 'कफ अप' मात्र अजिबात नको. 'प्लीज कफ अप' म्हणजे 'चला, काढा पैसे' असा सूर होतो.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार, 'इट'चा गुंता सुटला. एक शेवटचं: पगार झाला की 'आय केम इंटू मनी' म्हणता येईल का?

प्रतिसाद १:
नाही. पगार तुम्ही कमावता. 'कम इंटू' हे वारशाने किंवा अवचित हाती आलेल्या पैशांसाठी. पगाराच्या दिवशी असं म्हणालात तर ऑफिसात आधी विचारतील, कोण गेलं?