अनुभव धागा : काका

'काका' या दोन अक्षरांनी परक्या भाषेत कुणाची फजिती केली, कुणाला माणूस जोडून दिलं, कुणाच्या बशीत काय वाढलं, ते इथे लिहा. सुरुवात मीच करते.

बार्सिलोनातल्या बागेत एक भारतीय गृहस्थ दिसले, तसं आमचं ध्यान "काका! काका!" करत त्यांच्याकडे धावत सुटलं. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी लगबगीने ओले रुमाल काढून माझ्या हातात कोंबले आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते खुणेने दाखवलं. स्पॅनिशमध्ये काका म्हणजे लहान मुलांची शी. फ्रेंच, इटालियनमध्येही तेच. सगळ्यांच्या मागे लॅटिन 'काकारे' हे क्रियापद. त्या गृहस्थांना हे ठाऊक असणार, कारण ते ओळख न दाखवता निघून गेले.

स्टॉकहोमहून
आमच्याकडे काका खातात! कॉफीबरोबरचं बिस्कीट किंवा केक म्हणजे काका. इंग्रजी 'केक'सुद्धा जुन्या नॉर्स 'काका'वरूनच आला. पाहुण्यांपुढे सात प्रकारचे काका ठेवायची इथली जुनी रीत आहे. वेबसाइट उघडली की 'आम्ही काका वापरतो, मान्य आहे का?' असं विचारतात, ते कुकीजबद्दल. ऑफिसातल्या एका स्वीडिश मित्राला शनिवारवाडा दाखवताना मी मोठ्या गांभीर्याने 30 ऑगस्ट 1773 ची हकिकत सांगत होतो. "काका, मला वाचवा" ऐकल्यावर त्याचा चेहरा असा काही झाला की नारायणरावांची शोकांतिका तिथेच आटोपती घ्यावी लागली.

पुण्याहून, भाषेची विद्यार्थिनी
सगळ्यांचं मूळ एक नाही हं. तोंडाला सोप्या अक्षराची जोडी केली की जगातलं कुठलंही मूल एक शब्द तयार करतं; मोठी माणसं त्याला अर्थ लावतात. आपल्याकडेच बघा. मामाचा मुलगा मामेभाऊ, आत्याचा आतेभाऊ, मावशीचा मावसभाऊ. काकाचा मुलगा मात्र चुलतभाऊ. नात्याचं नाव चुलता, हाक मारायला काका. सातबाऱ्याच्या भांडणात कोणी 'सख्खे काका' म्हणत नाही, सख्खे चुलतेच असतात. आणि मावशीच्या नवऱ्यालाही आपण काकाच म्हणतो, म्हणजे हाक कुठल्या कुठे गेली.

कोथरूडहून
आमच्याकडे काही अफगाण विद्यार्थी भाड्याने राहायचे. माझ्या मुलाने त्यातल्या एकाला काका म्हटलं, तर तो चमकलाच. दरी भाषेत वडिलांचा भाऊ काका आणि आईचा भाऊ मामा, अगदी आपल्यासारखंच. त्या दिवसापासून भाडं वेळेवर आलं असं नाही, पण ईदला बिर्याणी न चुकता आली.

लुधियानाहून
पंजाबीत काका म्हणजे छोटा मुलगा. माझे सासरे पन्नाशीच्या जावयालाही काका म्हणतात. राजेश खन्नाला काका म्हणायचे ते याच अर्थाने, चुलता म्हणून नव्हे.

चेन्नईहून
शेजारच्या आजी रोज जेवणाआधी गच्चीच्या कठड्यावर भात ठेवून "का, का" अशी साद घालतात. तमिळमध्ये कावळा काक्का, संस्कृतात काक, दोन्ही त्याच्या ओरडण्यावरून. आपण वर्षातून एकदा पितृपक्षात कावळ्याची वाट बघतो, इथे तो रोजचा पाहुणा. शौचालयाला मात्र 'कक्कूस' म्हणतात. तो शब्द डच व्यापाऱ्यांचा, 'काकहाउस'. म्हणजे बार्सिलोनावाल्या ताईंचा काका समुद्रमार्गे इथवर येऊन पोचला.

वेलिंग्टनहून
माओरी भाषेत काका हा पोपट आहे: तपकिरी, पंखाखाली लालसर, स्वभावाने दांडगट. इथल्या झीलँडिया अभयारण्यात 2002 मध्ये ते पुन्हा सोडले. आता शहरभर हिंडतात आणि झाडांच्या साली सोलतात. न उडणारा काकापो म्हणजे 'रात्रीचा काका'. 'पो' म्हणजे रात्र. आई फोनवर विचारते, "कसला आवाज येतोय?" मी सांगते, "काका भांडतायत." तिला ते घरचंच वाटतं.

दार-ए-सलामहून
या सगळ्यांवर ताण म्हणजे स्वाहिली. इथे काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण! बाजारात माझ्या धाकट्या भावाला "काका, टोमॅटो घ्या" आणि मला "दादा, इकडे या". तो खूश, मी हैराण. घरी मी त्याला कधीच अहोजाहो केलं नव्हतं, पण आता तो चुलत्याच्या थाटात चालतो. मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच राहिले.