मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन कॅरव्हानने पश्चिम व्हिक्टोरियातल्या विमेरा भागातल्या गावांकडे (मेलबर्नहून तीन दिवस)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस ग्रँड फायनलच्या (इथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) आदल्या शुक्रवारची सुट्टी धरून तीन दिवस मिळतायत. आम्ही, आमचे एक मित्र, त्यांची बायको आणि दोन मुलं, शिवाय आणखी एक मित्र, असे सगळे मिळून कॅरव्हान भाड्याने घेऊन निघायचा बेत आहे. या वेळी माझे आईबाबा वाशीमहून इथे आलेत आणि खरं तर बेत त्यांच्यासाठीच आहे.

बाबांनी जन्मभर शेती केली. सोयाबीन, तूर, हरभरा. इथे आल्यापासून आम्ही त्यांना समुद्र दाखवला, सिटी दाखवली, ट्रामने फिरवलं. सगळं बघितलं त्यांनी, पण दर वेळी घरी परत येताना विचारतात, "अन् वावरं कुठं हायेत इकडं?" ग्रेट ओशन रोडला जायचं का विचारलं तर म्हणाले, पाणी पाहून झालं. त्यामुळे या वेळी वेस्टर्न हायवेने बॅलराट, अरारात, स्टॉवेल करत हॉर्शमकडे आणि तिथून मर्टोआ, रुपन्यप, मिनयिप, शीप हिल्स, वॉरक्नबील, ब्रिम अशी छोटी गावं करावीत असं मनात आहे. त्या दिवसांत कनोला (मोहरीसारखं पिवळ्या फुलांचं तेलबियांचं पीक) फुललेला असतो असं ऐकलंय. धान्याच्या सायलोंवरची (उंच कोठारांवरची) मोठमोठी चित्रं मुलांना दाखवायची आहेत. बाबांना मात्र जमीन बघायची आहे, पीक बघायचं आहे आणि जमलं तर एखाद्या शेतकऱ्याशी बोलायचं आहे.

आता अडचणी सांगते. आमच्यापैकी कुणीच कॅरव्हान ओढलेली नाही. आमच्या एसयूव्हीची टोइंग कपॅसिटी दोन हजार किलो आहे. भाड्याने मिळतेय ती बंक बेडवाली फॅमिली व्हॅन, रिकामी बावीसशे किलोची. देणारा माणूस फोनवर म्हणाला, "थोडंसंच जास्त आहे, लोक नेतात." नवऱ्याला ते पटत नाहीये आणि मलाही. मग लहान व्हॅन घ्यावी, की मोटरहोम घ्यावं?

आईला रात्री दोनदा तरी उठावं लागतं आणि तिचे गुडघे दुखतात. अंधारात, थंडीत, टॉर्च घेऊन कॅरव्हान पार्कच्या टॉयलेटपर्यंत तिला चालवत न्यायचं माझ्या जिवावर येतंय. व्हॅनमधलं कॅसेट टॉयलेट कसं असतं, साफ कसं करतात, हे कुणी स्पष्ट सांगेल का? आई अंडंही खात नाही, तेव्हा वाटेतल्या गावांत तिच्यासाठी काय मिळेल? आणि प्रवासात तिची पाठ धरली तर व्हॅनमध्ये आडवी होऊ शकते का?

शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: एखाद्या शेतात बाबांना पाय ठेवायला मिळावा यासाठी रीतसर काय करावं लागतं? आगंतुकासारखं कुणाच्या कुंपणात शिरायचं नाहीये.

– वाशीमकर

मुसाफिर७५:

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. ती व्हॅन घेऊ नका. रिकामी बावीसशे म्हणजे तिचं टेअर वजन. त्यावर पाणी, गॅसच्या टाक्या, अंथरुणं, भांडी, धान्य चढलं की ती सहज पंचवीसशेच्या वर जाते. बघायचा तो आकडा एटीएम, म्हणजे सामानासकट व्हॅनचं जास्तीत जास्त मान्य वजन. हा आकडा गाडीच्या क्षमतेच्या आत असेल तरच निर्धास्त राहता येतं. शिवाय गाडी आणि व्हॅन मिळून एकत्रित वजनाची मर्यादा वेगळी असते आणि टो बॉलवर (गाडीच्या मागे व्हॅन जोडायच्या गोळ्यावर) किती भार चालतो तेही वेगळं. साधारण व्हॅनच्या वजनाच्या दहा टक्के भार बॉलवर येतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं. काही गाड्यांना दोन हजार किलो ओढायची परवानगी असते पण बॉलवर तेवढ्या मानाने भार चालत नाही, आणि तिथेच माणसं फसतात.

इलेक्ट्रिक ब्रेकची व्हॅन असेल तर तुमच्या गाडीत ब्रेक कंट्रोलर (व्हॅनचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र) बसवलेला हवा. नुसता टोबार असून भागत नाही. जड सामान ॲक्सलच्या जवळ, फरशीलगत आणि मध्यभागी ठेवा. मागच्या टोकाला जड भरलं की व्हॅन डोलायला लागते आणि एकदा डोलायला लागली की गाडीलाही झुलवते. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून हळूहळू काढायचा आणि कंट्रोलरवरून हाताने फक्त व्हॅनचे ब्रेक लावायचे. बॅलराटच्या पुढे बराच वेळ रस्ता चांगला रुंद आहे, पण अरारातच्या आसपास अरुंद होतो आणि ॲडलेडकडे जाणारे मोठे ट्रक सतत असतात. ट्रक शेजारून गेला की वाऱ्याचा झोत व्हॅनला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. नवख्या माणसाला घाबरवणारा क्षण तोच.

आईंना चालत्या व्हॅनमध्ये अजिबात बसवायचं नाही, आडवं तर नाहीच. कायद्यानेच मनाई आहे. दर दीड तासाने थांबा, पाय मोकळे करू द्या.

रानपाखरू:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मला वाटतं तुम्ही व्हॅन ओढूच नये. ओढणं शिकायला लाँग वीकेंड आणि सोबत वयस्कर माणसं, हा मेळ बरा नाही.

एक तिसरा मार्ग आहे. काही ठिकाणी व्हॅनवाले स्वतः व्हॅन आणून पार्कमध्ये लावून देतात. जॅक लावणार, पाणी-वीज जोडणार, ऑनिंग (व्हॅनच्या बाजूचं कापडी छत) उघडून देणार, आणि तुम्ही परत निघालात की येऊन घेऊन जाणार. तुम्ही आपल्या गाड्यांनी आरामात जायचं. हॉर्शमला विमेरा नदीकाठी पार्क आहे, मर्टोआला मार्मा तळ्याकाठी आहे. एका ठिकाणी मुक्काम ठोका आणि रोज रिकाम्या गाडीने गावं फिरा. त्या भागात दर पंधरा-वीस किलोमीटरवर एक गाव आहे, वॉरक्नबीलहून हॉर्शमला परतायला साठेक किलोमीटर. रोज व्हॅन सोडा, जोडा, लेव्हल करा यात अर्धा दिवस जातो, तो वाचेल.

मोटरहोमचंही सांगते. चालवायला सोपं, टॉयलेट आत, पण दूध आणायलासुद्धा अख्खं घर हलवावं लागतं. आणि नऊ माणसांना एक पुरणार नाही.

खडीसाखर:

टॉयलेटबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या सासूबाईंसोबत आम्ही जातो.

कॅसेट म्हणजे बसायच्या जागेखाली असलेली, बाहेरच्या बाजूने एका छोट्या दारातून ओढून काढता येणारी प्लास्टिकची टाकी. बहुतेकींना चाकं आणि हँडल असतं. आत रसायन टाकतात, त्यामुळे वास येत नाही. भरली की पार्कातल्या किंवा गावातल्या डंप पॉइंटवर न्यायची, नळीचं तोंड खाली करून ओतायची, ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं म्हणजे उसळत नाही, मग पाणी घालून हलवून पुन्हा ओतायची. हातमोजे घाला. पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही व्हॅनमधलं टॉयलेट फक्त रात्री आणि फक्त सासूबाईंसाठी ठेवतो, बाकी सगळे पार्कच्या टॉयलेटला जातात. मग तीन दिवसांत एकदाच रिकामी करावी लागते. व्हॅन ठरवताना आधी एकदा बघून या, कारण काहींमध्ये बसायची जागा उंचावर असते आणि दार इतकं अरुंद की गुडघे दुखणाऱ्या माणसाला वळता येत नाही. व्हॅनची पायरीही उंच असते. खाली ठेवायला एक रुंद, न घसरणारी जादा पायरी न्याच.

पॉवर्ड साइटच (वीजजोडणी असलेली जागाच) घ्या. सप्टेंबरात तिकडे दिवसा ऊन छान पडतं, पण रात्री हाडं गोठतात, पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं दिसतं. हीटर लागणार. व्हॅनची केबल १५ अँपिअरची असते, तिच्या प्लगची खालची पिन रुंद असते, ती घरच्या सॉकेटमध्ये जात नाही. तेव्हा घरी जोडून बघू म्हणाल तर जमणार नाही.

जेवणाचं: छोट्या गावांत शनिवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद होतात, पबची किचनं रात्री आठच्या सुमाराला. तुमच्या शनिवारी तर दुपारी मॅच आहे, सगळं गाव टीव्हीसमोर असेल. भाजी, दूध, ब्रेड शुक्रवारीच बॅलराटला किंवा हॉर्शमला घेऊन टाका. बेकरीत आईंसाठी विचारून घ्या. भाजीच्या पेस्ट्रीला वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घरून नेतो, संध्याकाळी कॅम्प किचनमध्ये कुकर लावून मऊ खिचडी करतो. कुकरची शिट्टी वाजली की शेजारचे लोक हमखास चौकशीला येतात आणि तिथूनच ओळखी होतात.

विमेरावासी:

मी याच भागात राहतो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय.

तुमच्या बाबांना इथे एक गोष्ट फार आवडेल. मर्टोआ आणि रुपन्यपच्या आसपासची जमीन भेगाळणारी, चिकण, करड्या-काळ्या रंगाची आहे. वाळली की हातभर फटी पडतात, ओली झाली की बुटाला दोन-दोन किलो चिकटते. विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. (याच कारणाने पाऊस झाला असेल तर कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका, व्हॅन तर मुळीच नाही.) आणि त्या जमिनीत काय पिकतं? गहू, बार्ली, कनोला, पण त्याचबरोबर मसूर आणि काबुली हरभरा. हा ऑस्ट्रेलियातला मसुरीचा मोठा पट्टा आहे, इथली मसूर आपल्याकडेही जाते. पेरणी मे-जूनमध्ये, काढणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे तुम्ही याल तेव्हा मसूर फुलावर असेल. बाबा स्वतःच ओळखतील.

शेतात मात्र विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, आणि ते फक्त शिष्टाचाराचं नाही. हरभऱ्या-मसुरीवरचे बुरशीचे रोग आणि तणाचं बी बुटाच्या चिखलातून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातं. तेव्हा बाबांचे गावाकडचे बूट नकोत, धुतलेले स्वच्छ बूट घालायला द्या आणि शेतकऱ्याला तसं आधीच सांगा. ते ऐकलं की इथला शेतकरी तुमच्याशी वेगळ्या नजरेने बोलतो. फुललेल्या कनोलात उभं राहून फोटो काढणाऱ्यांचा लोकांना फार त्रास झालाय.

मर्टोआची स्टिक शेड चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात गहू परदेशी पाठवता येईना, तेव्हा तो साठवायला १९४१-४२ मध्ये हे कोठार बांधलं. अडीचशे मीटरहून जास्त लांब, आत न तासलेले ५६० लाकडी खांब. आत शिरल्यावर मान वर होते ती खाली येत नाही. उघडण्याच्या वेळा मर्यादित असतात, त्या बघूनच दिवस ठरवा. या भागातल्या चित्रं काढलेल्या सायलोंमध्ये ब्रिमचा पहिला, जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाला. त्यावर चार शेतकरी आहेत. माझ्या मते बाबांना हाच सगळ्यात जवळचा वाटेल. शीप हिल्सचा संध्याकाळच्या उन्हात बघण्यासारखा आहे, पण अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. कांगारू नेमके दिवस मावळताना आणि पहाटे रस्त्यावर येतात.

वाशीमकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. ओढायचा विचार सोडला. मर्टोआच्या पार्कला फोन केला. सुट्ट्या असल्यामुळे तळ्याकडेच्या जागा गेल्यात, पण दोन पॉवर्ड साइट शेजारीशेजारी मिळाल्या. एका व्हॅनवाल्याने तिथे व्हॅन आणून लावून द्यायचं कबूल केलंय. आईबाबा आणि आम्ही दोघं व्हॅनमध्ये, बाकीचे तंबूत. उद्या आईला घेऊन व्हॅन बघायला जाणार आहे, ती स्वतः टॉयलेटमध्ये बसून, वळून बघेल, मगच पैसे भरायचे.

मसुरीचं वाचल्यापासून बाबा फार खुलले आहेत. इकडे दोन ओळींत अंतर किती ठेवतात, एकरी बियाणं किती लागतं, पाणी देतात की पावसावर, असे प्रश्न वहीत लिहून काढलेत. विमेरावासी, तुमच्या ओळखीचा एखादा शेतकरी अर्धा तास देईल का? कुंपणाबाहेरून बोलला तरी चालेल. त्याची काही अडचण असेल तर स्पष्ट सांगा, आम्ही मुळीच वाईट वाटून घेणार नाही.

विमेरावासी:

विचारलं. रुपन्यपजवळ माझ्या ओळखीचं एक शेतकरी कुटुंब आहे, तिघं बापलेक मसूर आणि गहू करतात. शनिवारी सकाळी नऊ वाजता चालेल म्हणाले, दुपारी मॅच असल्यामुळे सकाळीच या. पाणी द्यायची सोय नाही, सगळं पावसावर, हे बाबांना आताच सांगून ठेवा म्हणजे पुढचे प्रश्न त्यावरून निघतील. दुभाष्याचं काम मी करतो. पत्ता खासगी निरोपात पाठवतोय. आणि शुक्रवारी चारच्या आत पार्कला पोचायचं बघा, छोट्या पार्कांचं ऑफिस लवकर बंद होतं. उशीर होणार असेल तर त्यांना आधी फोन करून टॉयलेट ब्लॉकच्या दाराचा कोड विचारून घ्या.